टोकियोच्या पारंपरिक सुशी काउंटरवर जेवायला जाताना : आरक्षणापासून बिलापर्यंत

टोकियोला जाऊन आलेल्या मंडळींकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. एवढे पैसे मोजले, महिनाभर आधी जागा धरली, आणि समोरचा शेफ शेवटपर्यंत हसला म्हणून नाही. खोलात जाऊन विचारलं की कळतं, मंडळी वीस मिनिटं उशिरा पोहोचली होती, अंगावर अत्तराचा घमघमाट होता, आणि प्रत्येक सुशी खाण्याआधी चारही बाजूंनी तिचे फोटो निघत होते. शेफला राग आलेला नसतो. त्याच्या डोळ्यांदेखत त्याचा भात गार होत असतो.

हे एक लक्षात आलं की बाकीचं सोपं होतं. सुशीचा भात साधारण अंगाच्या उबेइतका कोमट असतो आणि वरचा मासा त्याहून थोडा गार. ही जोडी हातातून सुटल्यावर काही सेकंदच जमून राहते. काउंटरवरचे जवळपास सगळे नियम त्या काही सेकंदांसाठी आहेत, शिष्टाचाराचा देखावा म्हणून नव्हेत.

इथे फिरत्या पट्ट्यावरच्या सुशीबद्दल लिहिलेलं नाही. आठ-दहा खुर्च्यांचा लाकडी काउंटर, पलीकडे शेफ, मेन्यूकार्ड नाही, आणि काय खायचं ते तोच ठरवणार, म्हणजे ‘ओमाकासे’ : अशा दुकानाविषयी हा लेख आहे.

१. आधी ठरवा, आपण जावं का?

हा टप्पा लोक सरळ गाळतात आणि मग तिथे बसल्यावर पंचाईत होते.

शाकाहारी माणसाने या काउंटरवर जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. काकडीचा किंवा दुधीच्या जातीच्या कानप्योचा रोल मिळेल, पण कानप्यो शिजवताना, सूपमध्ये, अंड्यात, जिथे तिथे ‘दाशी’ हे पातळ सार असतं, आणि ते बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनितो माशाचं असतं. शेवटी येणारं गोडसर अंडंही नुसतं अंडं नसतं. जुन्या पद्धतीत त्यात कोळंबी किंवा पांढरा मासा वाटून घालतात. मद्य अजिबात चालत नसेल तर तेही आधी पाहा, कारण माशावर लावतात त्या सोया सॉसमध्ये मिरिन किंवा साके (दोन्ही तांदळाची मद्यं) उकळून घातलेली असते. शाकाहारी मंडळींना जपानी स्वयंपाक मनापासून चाखायचा असेल तर बौद्ध मठांच्या परंपरेतलं ‘शोजिन र्‍योरी’ शोधा. त्यात मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. कंदमुळं मात्र असतात, हे जैन मंडळींनी लक्षात ठेवावं.

मासे खाणाऱ्यांनी कॅलेंडर उघडून बघावं. सोमवार-गुरुवार पाळत असाल, संकष्टी किंवा एकादशी असेल, तर तो दिवस टाळून जागा धरा. तिथे पोहोचल्यावर ‘आज माझा उपास आहे’ म्हणण्यात अर्थ नसतो, कारण तुमच्या नावाचा मासा आधीच बाजारातून आलेला असतो.

‘मी नुसती सोबत बसते, खाणार नाही’ हेही चालत नाही. प्रत्येक खुर्चीचे पूर्ण पैसे असतात. लहान मुलांना बऱ्याच दुकानांत प्रवेश नसतो. नियम दुकानागणिक वेगळा, म्हणून आधी विचारावं. गरोदरपणात किंवा प्रतिकारशक्ती कमी असताना कच्च्या माशाबद्दल डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जागा धरू नका.

२. आरक्षण

नावाजलेल्या दुकानांपैकी काही ओळखीशिवाय नवं गिऱ्हाईक घेतच नाहीत. टोकियोच्या गिंझा भागातल्या ‘सुकियाबाशी जिरो’चं मुख्य दुकान २०१९ साली मिशलिनच्या (रेस्टॉरंटांना तारे देणाऱ्या मार्गदर्शिकेच्या) टोकियो यादीतून वगळलं गेलं, ते दर्जा घसरला म्हणून नव्हे, तर सर्वसामान्यांना तिथे आरक्षण मिळत नाही म्हणून. तेव्हा गाजलेल्या नावांच्या मागे लागून सहल वाया घालवू नका. कमी गाजलेल्या पण मन लावून काम करणाऱ्या शेफचा काउंटर पहिल्या खेपेला जास्त सुखाचा जातो.

मार्ग तीन. ‘ओमाकासे’ (साइटचंही नाव हेच), ‘टेबलचेक’, ‘पॉकेट कन्सीयर्ज’ अशा आरक्षणाच्या साइट्स. तुमच्या हॉटेलचा कन्सीयर्ज, म्हणजे पाहुण्यांची अशी कामं करून देणारा माणूस. किंवा जपानी बोलणारा ओळखीचा माणूस, जो फोन करेल. चांगल्या हॉटेलचा कन्सीयर्ज हा सगळ्यात भरवशाचा, कारण तुम्ही आला नाहीत तर दुकानदाराला जाब विचारायला कुणीतरी असतं. त्याला खोलीचं बुकिंग झाल्या झाल्या लिहा. तिथे पोहोचल्यावर सांगाल तर उशीर झालेला असेल.

साइटवरच्या जागा ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी खुल्या होतात. ती वेळ जपानची असते. जपान आपल्यापुढे साडेतीन तास आहे, म्हणजे तिथले दुपारचे १२ म्हणजे आपल्याकडे सकाळचे ८.३०. कार्डाने आगाऊ पैसे किंवा हमी मागतात. आपल्या कार्डांवर परदेशी व्यवहार बहुधा बंद असतात, ते बँकेच्या ॲपमधून आदल्या दिवशीच सुरू करून ठेवा. ऐन वेळी ओटीपीची वाट बघत बसलात तर जागा गेलेली असते.

वार बघा. तोयोसूचा घाऊक बाजार (२०१८ साली त्सुकिजीहून इथे हलला तोच) रविवारी बंद असतो आणि बऱ्याच बुधवारीही. म्हणून अनेक सुशी दुकानं त्या दिवशी बंद असतात. मंगळवार, गुरुवार, शुक्रवार हे वार सोयीचे.

खर्चाचा अंदाज : दुपारचा ओमाकासे साधारण ५,००० ते १५,००० येन, रात्रीचा २०,००० पासून ४०,००० येनच्याही पुढे. शून्य नीट मोजा, घाईत चूक होते. पहिल्यांदा जाणाऱ्याने दुपारचीच वेळ घ्यावी. शेफ तोच, भात तोच, पदार्थ थोडे कमी.

ॲलर्जी आणि न चालणारे पदार्थ आरक्षणाच्या वेळीच लिहून कळवा, आणि दोन याद्या वेगळ्या ठेवा. ‘खाल्लं तर त्रास होतो’ ही एक, ‘आवडत नाही’ ही दुसरी. दुसरी यादी दोन नावांपलीकडे जात असेल तर ओमाकासे तुमच्यासाठी नाही.

*सावध राहा :* आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी रद्द केलं तर पूर्ण रक्कम कापली जाऊ शकते. चारजणांची जागा धरून तिघं गेलात तरी चौथ्याचे पैसे द्यावे लागतात.

३. त्या दिवशीची तयारी

सर्वात मोठी बाब म्हणजे वास. पांढऱ्या माशाची चव इतकी हलकी असते की शेजारच्या खुर्चीवरचं परफ्यूम ती पुसून टाकतं. हा त्रास तुमच्यापुरता राहत नाही, आठही खुर्च्यांना होतो. काही दुकानं अशा पाहुण्याला दारातूनच परत पाठवतात.

नुसतं परफ्यूम टाळून भागत नाही. केसांचं सुगंधी तेल, हातांचं क्रीम, बॉडी स्प्रे, जेवणाआधीची सिगारेट, तोंडातली बडीशेप-वेलची किंवा पुदिन्याची गोळी, सगळं त्यातच आलं. आपल्याकडच्या प्रवाशांचा नेहमी विसरला जाणारा वास म्हणजे डांबरगोळ्यांचा. थंडीचे कोट वर्षभर ट्रंकेत असतात आणि थेट टोकियोत बाहेर निघतात. कोट दोन-तीन दिवस आधी हवेवर टाका.

दागिने. काउंटर बहुधा हिनोकी लाकडाचा असतो, एकसंध आणि मऊ. बांगड्या, कडं, घड्याळाचा धातूचा पट्टा यांचे त्यावर ओरखडे उठतात. अंगठीसकट सगळं हॉटेलात ठेवा किंवा बसण्याआधी पर्समध्ये टाका. लोंबणाऱ्या बाह्या आणि ओढणीही नको. सूट लागत नाही. स्वच्छ शर्ट-पँट, साधा ड्रेस पुरे. चड्डी आणि चप्पल घालून जाऊ नये.

पोट रिकामं ठेवा, पण कडकडून भूक लागेपर्यंत नव्हे. दुपारी रामेन ओरपून संध्याकाळी इथे येणारे बाराव्या घासाला हात टेकतात.

एक तयारी आणखी करा, ती फार उपयोगी पडते : आदल्या दिवशी उभ्याने खायच्या साध्या सुशी दुकानात जाऊन चार-पाच मासे नावानिशी चाखून घ्या. कोकणातून आलेल्यांना ओळखी पटकन पटतात. मागुरो म्हणजे ट्यूना, आपला कुपा त्याच बिरादरीतला. साबा बांगड्याच्या कुळातला. इका म्हणजे माकूळ. आनागो आपल्या वामीसारखा. एकच सवय मात्र घरी ठेवा. आपण माशाचा ताजेपणा कल्ले उचलून बघतो आणि जितका ताजा तितका चांगला म्हणतो. इथे कोहादासारखा मासा मुद्दाम मीठ-व्हिनेगरमध्ये मुरवतात, आणि मोठा ट्यूना कित्येक दिवस थंडाव्यात ठेवून मग कापतात. ‘आजचाच आहे ना?’ असं विचारणं त्या मेहनतीवर पाणी ओतण्यासारखं आहे.

४. पोहोचणं आणि बसणं

दिलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी दारात असावं. वीस मिनिटं आधी नको, कारण आधीची पंगत उठायची असते. उशीर तर मुळीच नको : अनेक दुकानांत सगळ्यांना एकाच वेळी वाढायला सुरुवात होते आणि भात त्या वेळेच्या हिशेबानेच शिजवलेला असतो.

पत्ता शोधायला अर्धा तास हाताशी ठेवा. टोकियोत पत्ते रस्त्याच्या नावावर नव्हे, भागाच्या आणि ब्लॉकच्या आकड्यांवर चालतात. गिंझातली कित्येक दुकानं तळघरात किंवा चौथ्या-पाचव्या मजल्यावर असतात आणि पाटी हाताच्या तळव्याएवढी. जपानमध्ये तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात, म्हणजे त्यांचा तिसरा तो आपला दुसरा.

*तपासा :* इमारतीचं नाव जपानी लिपीत स्क्रीनशॉट घेऊन ठेवलंय का? दुकानाचा फोन नंबर? उशीर होतोय असं दिसताच हॉटेलमार्फत फोन करता येईल का?

आत गेल्यावर नाव सांगा आणि थांबा. खुर्ची तेच दाखवतात; स्वतःहून मधली जागा धरू नका. कोट आणि बॅग त्यांच्या हवाली करा. काउंटरवर मोबाइल, चाव्या, गॉगल काहीही ठेवायचं नाही. ओला रुमाल येईल तो हातांसाठी आहे, चेहरा-मान पुसायला नाही. डावखुरे असाल तर आत्ताच खुणेने सांगा. शेफ सुशी तुमच्या हाताला सोयीची पडेल अशी तिरकी ठेवतो.

भात कमी हवा असेल तर तेही आत्ताच सांगा : ‘शारी चिइसामे दे’. हे सांगण्यात काही गैर नाही, उलट शेफला आवडतं. भात टाकून देणं किंवा मासा काढून खाऊन भात बाजूला ठेवणं मात्र फार वाईट दिसतं. वासाबी (नाकात झणझणणारी हिरवी पेस्ट) नको असेल तर ‘साबी नुकी’.

५. घास : इथेच बहुतेक चुका होतात

रात्रीच्या जेवणात आधी छोटे पदार्थ येतात : साशिमी (भाताशिवाय कच्च्या माशाचे काप), वाफवलेलं किंवा भाजलेलं काहीतरी. ते चॉपस्टिकने, आपल्या गतीने खा. चॉपस्टिक भातात उभी रोवू नका आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये पदार्थ देऊ नका. दोन्ही गोष्टी तिथल्या अंत्यविधींशी जोडलेल्या आहेत. स्वच्छतागृहात जायचं असेल तर हे पदार्थ संपल्यावर आणि सुशी सुरू होण्याआधी जाऊन या. मध्येच उठलात तर शेफला तुमच्यासाठी हात थांबवावा लागतो.

मग सुशी. एका वेळी एक. क्रम तो ठरवतो; साधारणपणे हलक्या पांढऱ्या माशापासून किंवा माकुळापासून सुरुवात, मग ट्यूनाचा लाल भाग, त्याचा चरबीचा भाग म्हणजे ‘तोरो’, मुरवलेले मासे, कोळंबी, उनी (समुद्री अर्चिनचा गर), आणि शेवटाकडे गोड सॉस लावलेला आनागो. ‘तोरो आधी द्या’ म्हणू नका. चरबीने जीभ माखली की मागून येणारा पांढरा मासा कळतच नाही.

समोर सुशी आल्यावर काय करायचं ते असं :

१) *लगेच उचला.* शेजारच्याला अजून वाढलं नाही म्हणून थांबू नका. आपल्या पंगतीत सगळ्यांची पानं वाढेपर्यंत थांबायची रीत असते, ‘वदनी कवळ’ होईपर्यंत कुणी घास घेत नाही. इथे ज्याच्यासमोर ठेवलं त्याने खायचं. नोरीत (वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यात) गुंडाळलेली असेल तर आणखी घाई करा, कुरकुरीतपणा पाहता पाहता जातो.

२) *हाताने खा.* चॉपस्टिक चालते, पण हात उत्तम, आणि आपल्याला ते सांगायला नको. फक्त घास करायची सवय आवरा. आपण बोटांनी भात दाबून, गोळा बांधून उचलतो. हा भात बाहेरून धरलेला आणि आतून सैल असतो, तोंडात गेल्यावर दाणा न् दाणा सुटावा म्हणून. दाबलात की ते सगळं गेलं. अंगठा आणि दोन बोटं अशी लावा की सुशी बाजूवर कलंडेल, मग मासा आणि भात दोन्ही एकदम धरले जातात. नुसत्या वरून उचलायला गेलात तर मासा हातात आणि भात खाली.

३) *सोया सॉस बघून लावा.* मासा चमकतोय? मग शेफने सॉस ब्रशने आधीच लावलाय, आणखी नको. समोर छोटी बशी दिली असेल आणि त्याने खूण केली, तरच बुडवा, आणि बुडवायची ती माशाची कड. भात बुडवला तर तो सॉस शोषून फुटतो आणि खारट होतो. वासाबी सॉसमध्ये कालवू नका. ती भात आणि माशाच्या मधे, त्या माशाला बेताने, आधीच घातलेली असते.

४) *एका घासात.* अर्धी तोडून उरलेली खाली ठेवू नये. घास मोठा वाटतो? पुढच्या वेळी भात कमी सांगा.

५) *मग आलं.* ‘गारी’ म्हणजे व्हिनेगरमधलं आलं हे दोन माशांच्या मधे जीभ साफ करायला. सुशीवर ठेवून खाऊ नका, लोणच्यासारखं तोंडी लावूही नका. सोबत गरम चहाचा घोट. बोटं पुसायला शेजारी छोटा घडी घातलेला ओला कपडा असतो.

सुशी ठेवलेली लाकडी पाटी उचलून जवळ ओढू नका, आणि सुशी स्वतःच्या बशीत हलवू नका. वरच्या कट्ट्यावर ठेवली असेल तर तिथूनच उचला.

*सावध राहा :* नवरा-बायकोंनी एकमेकांच्या सुशीची अदलाबदल करू नये. ‘मला नको, तू खा’ हा घरचा प्रेमळपणा इथे अडचणीचा ठरतो. दोघांच्या भाताचं माप, वासाबी, वाढायची वेळ वेगळी असते.

*तपासा :* शेफचा हात पुढच्या माशाकडे गेला आणि तुमच्यासमोरची सुशी अजून तिथेच आहे? मग तुम्ही मागे पडलाय. बोलणं थांबवा, आधी खा.

६. बोलणं, फोटो, पेय

शेफला ‘ताइशो’ म्हणून हाक मारावी. तो कापत किंवा वळत असताना प्रश्न विचारू नका. हात धुताना, पाटी पुसताना विचारा. माशाचं नाव, तो कुठल्या समुद्रातला, हे प्रश्न त्याला आवडतात. दुसऱ्या दुकानाशी तुलना आवडत नाही. दुकानातल्या लोकांची आपसातली सांकेतिक बोली इंटरनेटवर वाचून तिथे वापरू नका, ती गिऱ्हाइकाच्या तोंडी शोभत नाही. चहा हवा तर सरळ ‘ओचा’ म्हणा.

फोटो : सुरुवातीलाच एकदा विचारा. होकार मिळाला तर प्रत्येक सुशीचा एक, फ्लॅश आणि आवाजाशिवाय, बसल्या जागेवरून. शेफचा आणि इतर पाहुण्यांचा चेहरा त्यात नको. व्हिडिओ कॉल करून घरच्यांना काउंटर दाखवण्याचा विचारही नको.

साके किंवा बिअर घेत असाल तर बेताने. स्वतःचा पेला स्वतः न भरता सोबत्याचा भरावा, तो आपला भरेल. नुसतं पाणी आणि चहा घेतला तरी कुणाला काही वाटत नाही.

७. शेवट आणि बिल

अंडं आलं आणि मिसो सूप आलं म्हणजे ठरलेलं जेवण संपत आलं. मग शेफ विचारतो, आणखी काही? हीच तुमची वेळ. जे आवडलं त्यातलं एक-दोन पुन्हा मागा. त्याचे पैसे वेगळे लागतात. कानप्योचा रोल मागितलात तर तो खुश होतो, कारण त्यात महागडा मासा नसतो, नुसती त्याची शिजवण्याची कसब असते.

बिलासाठी ‘ओकाइकेइ ओनेगाइशिमास’. आकडा तोंडी न सांगता चिठ्ठीवर येईल. तो काउंटरवर मोठ्याने वाचू नका, वाटणीही तिथे मांडू नका. एकाने भरावं, हिशेब हॉटेलात. पैसे ट्रेमध्ये ठेवायचे. काही जुनी दुकानं कार्ड घेत नाहीत, म्हणून पूर्ण रकमेची रोकड जवळ असू द्या. टिप द्यायची नसते. मागे ठेवलेली नोट घेऊन ते तुमच्यामागे रस्त्यावर धावत येतील.

उठताना शेफकडे बघून ‘गोचिसोसामा देशिता’ म्हणा. काउंटरवर गप्पा मारत रेंगाळू नका, पुढची पंगत दारात उभी असते. पुन्हा यायची इच्छा असेल तर पुढच्या तारखेचं निघतानाच विचारा. बरीच दुकानं बाहेरच्या माणसाला महिनोन्‌महिने जागा देत नाहीत, पण नीट जेवून उठलेल्या गिऱ्हाइकासाठी तिथल्या तिथे वही उघडतात.